माळरानावरचा गोडवा

शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव घेताच जहाज, विमान आणि मोटार आठवते. खानदेशाच्या वेशीवर त्यांनी उभारलेला साखरेचा संसार मात्र विस्मरणात जातो.

23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूरच्या व्यापारी जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. 1919 मध्ये त्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले.

1869 मध्ये नाशिक जिल्हा होईपर्यंत मालेगावचा परिसर खानदेशातच मोडत असे. तेथील रावळगावचे ओसाड माळरान वालचंदांनी 1923 मध्ये घेतले. खडक फोडून, माती सुधारून त्यांनी तेथे ऊस उभा केला. त्या काळी बाजारात जावा बेटाची स्वस्त साखर होती. 1932 मध्ये देशी साखरेला जकातीचे संरक्षण मिळाले आणि पुढच्याच वर्षी रावळगावचा कारखाना सुरू झाला. तोवर दहा वर्षे लोटली होती.

साखर कारखान्याची खरी कसोटी रसाच्या दाटपणात असते. पाक आटवून दाणे वेगळे काढावेत, तसतशी उरलेली मळी घट्ट होत जाते. अखेर ती इतकी चिकट बनते, की त्यातील बरीच साखर दाणा धरीत नाही. उष्णता दिल्यास मळी पातळ होऊन वाहते; पण ती बेताबाहेर गेली तर साखर करपते. उसाच्या वजनाच्या सुमारे 4 टक्के भरणाऱ्या या मळीबरोबर काही साखर दरवर्षी हातची जाते.

1942 मध्ये रावळगावात गोळ्या-चॉकलेटांचे उत्पादन सुरू झाले, तेव्हा हाच दाटपणा उपयोगी पडला. साखर व ग्लुकोजचा पाक कडक तापवला, की थंड होताना त्यात दाणा धरत नाही. तो काचेसारखा गोठतो. मऊ असतानाच त्याला आकार द्यावा लागतो. कारखान्यात नुकसान करणारा गुण गोळीच्या भट्टीत कामी आला.

1949 मध्ये पक्षाघाताने वालचंदांना गाठले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. रावळगावच्या गोळ्या त्यानंतरही कित्येक पिढ्यांच्या खिशात खुळखुळत राहिल्या. 2024 मध्ये त्यांची नाममुद्रा रिलायन्स समूहाकडे गेली.