ऋण न विसरणारा भक्त

रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ साली कोकणात करजगावी जन्मले. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. गणगोत तुटले, पत्नी लक्ष्मीबाईंचाही काही वर्षे वियोग घडला. तरीही त्यांची लेखणी देवाचे उपकार गात राहिली. धर्म पालटला, पण तुकोबांचे ऋण ते विसरले नाहीत. त्यांच्याच वाणीने आपणांस ख्रिस्तचरणी पोहोचविले, असे ते मानीत. परदेशी चालींवर चालणाऱ्या उपासनेत त्यांनी अभंग, भजन व कीर्तन आणले. १९१९ साली ते निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे अपुरे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. कर्जत-खालापूरच्या हरिनाम सप्ताहांत टाळ धरणाऱ्या भाविकांनीही ध्यानी धरावे, की उपकारस्मरणावाचून केलेले भजन कोरडेच होय.