सात हजारांचं गहाण आणि एक कांस्यपदक

ऑलिंपिक आलं की हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एकच वाद रंगतो. एवढा मोठा देश आणि पदकं इतकी कमी का? कोणी म्हणतं पैसा नाही, कोणी म्हणतं सोयी नाहीत, कोणी राजकारणाला शिव्या घालतं. तिन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण या तिन्ही अडचणी एकदम समोर असताना आपल्याच भागातला एक कॉलेजचा पोरगा पदक घेऊन आला होता, हे किती जणांना माहीत आहे? त्याचं नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. घर शेतकऱ्याचं, वडील स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. आपल्या आजरा तालुक्यात गावची जत्रा म्हटलं की जसा कुस्तीचा फड आलाच, तसंच तिकडेही. चालायला लागल्यावर पोरगं आखाड्यातच जायचं. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण चालू होतं, तेव्हा 1942 ची चळवळ पेटली आणि खाशाबांनी त्यातही भाग घेतला. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात नाव घातलं.

दिसायला हा गडी बिलकूल पैलवान वाटायचा नाही. उंची बेताची, अंग सडपातळ. पण चपळाई अशी की समोरच्याला कळायच्या आत तो पाठीवर. ढाक हा त्यांचा हुकमी डाव.

1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला जायची संधी मिळाली आणि खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. खरी पंचाईत तिथे गेल्यावर झाली. आपली कुस्ती तांबड्या मातीतली, तिथली मॅटवरची. मातीत चितपट होईपर्यंत लढायचं. मॅटवर मात्र वेळ ठरलेली, पायात बूट आणि शेवटी पंचांचा कौल. म्हणजे आयुष्यभर एका सिलॅबसचा अभ्यास केला आणि पेपर दुसऱ्याच सिलॅबसचा आला, असं समजा! तरीही फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. कोणी म्हटलं असतं, पहिल्या खेपेला हे पुष्कळ झालं. त्यांना ते पुष्कळ वाटलं नाही. परत येऊन पुढची चार वर्षं त्यांनी वरच्या वजनगटासाठी मेहनत केली.

1952 ला हेलसिंकीच्या वेळी मात्र दोन भिंती उभ्या राहिल्या. पहिली निवडीची. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला गुण कमी दिले गेले, असा त्यांचा आक्षेप होता. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि निरंजन दास यांना हरवून जागा मिळवली.

दुसरी भिंत पैशाची. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं झालेली, देशात धान्यसुद्धा रेशनवर. अशा दिवसांत एका पैलवानाला फिनलंडला कोण पाठवणार? गावकऱ्यांनी वर्गणी काढली, पण ती पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार, मित्रांनो! सरांना पोरगा पदक आणील याची गॅरंटी कोणी दिली होती?

हेलसिंकीत 57 किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानच्या शोहाची इशीईबरोबर दमछाक करणारी कुस्ती झाली आणि ती गेली. असं सांगतात, की मध्ये पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत संघाच्या राशिद मामेदबेकोवपुढे उभं केलं आणि त्यांच्या बाजूने भांडायला एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. तीही कुस्ती गेली. 23 जुलै 1952 ला त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं, लिएंडर पेसचं. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली!

कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण मला यापेक्षा मोठी वाटते ती पुढची गोष्ट. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसे जमवले आणि सरांचं कर्ज फेडलं. ऑलिंपिकचं पदक घरात असलेला माणूस गुरूचं घर सोडवायला पुन्हा मातीत उतरला.

1955 साली ते पोलिस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे 1956 चं मेलबर्न हुकलं. सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, 2000 साली. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. हे सगळं बघायला ते नव्हते.

2024 साली पॅरिसला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, तेव्हा खाशाबांचं नाव पुन्हा सगळीकडे ऐकू आलं. महाराष्ट्राला वैयक्तिक पदकासाठी बहात्तर वर्षं थांबावं लागलं होतं.

मृत्युंजयकार शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे. त्यांच्यामुळे कर्ण आपल्या घराघरात पोचला. अंगात ताकद असून दैव आडवं येणाऱ्या माणसाबद्दल आपल्याला जरा जास्तच माया वाटते. पण खाशाबांनी दैवाला दोष देत बसण्याऐवजी अर्ज केला, पुन्हा कुस्ती मागितली, उसने पैसे घेतले आणि फेडलेसुद्धा. आपल्यापैकी कितीतरी जणांची फी आज कर्जावर चालली आहे. कुणाच्या वडिलांनी जमीन तारण ठेवली असेल, कुणाच्या आईने दागिने. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवून काढताना ते सात हजार रुपये एकदा आठवून बघा. आपल्यावर कोणीतरी घर गहाण टाकलंय, एवढं ध्यानात राहिलं तरी पुष्कळ.