इव्हान यार्कोव्हस्की : रेल्वेचे अभियंता

उन्हाळ्यात आपल्या बेळगाव-निपाणी भागात सूर्य मावळला तरी गच्चीची फरशी पायाला गरम लागते. दिवसा घेतलेली उष्णता ती उशिरा सोडत असते. याच साध्या गोष्टीतून एका रेल्वे अभियंत्याने मोठा विचार मांडला.

इव्हान यार्कोव्हस्की यांचा जन्म १८४४ साली आजच्या बेलारूसमधील ओस्वेया येथे झाला. रशियात रेल्वेची नोकरी सांभाळून ते विज्ञानाचा अभ्यास करीत. सूर्याच्या उष्णतेमुळे फिरत्या गोलाला सूक्ष्म पण सततचा रेटा बसतो, असे त्यांनी १९०१ च्या सुमारास एका छोट्या पुस्तिकेत मांडले. १९०२ मध्ये ते वारले आणि पुस्तिका विस्मरणात गेली.

एस्टोनियाचे खगोलशास्त्रज्ञ अर्न्स्ट एपिक यांनी ती तरुणपणी वाचली होती. १९५१ मध्ये केवळ आठवणीवरून त्यांनी ती कल्पना पुन्हा जगापुढे आणली. २००३ मध्ये पुरावा मिळाला. गोलेव्का हा लघुग्रह या रेट्याने १२ वर्षांत १५ किलोमीटर सरकला होता.

लघुग्रह ओबडधोबड असेल तर बाहेर पडणारी उष्णता त्याला जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी गतीही देते. सुमारे १२ मिनिटांत स्वतःभोवती फिरणाऱ्या एका लघुग्रहाची फेरी दरवर्षी सेकंदाच्या हजाराव्या भागाने कमी होत असल्याचे २००७ मध्ये दिसून आले.

एखादा लघुग्रह पुढे पृथ्वीवर आदळेल का, हे ठरवताना आज हा रेटा हिशेबात धरावाच लागतो. यार्कोव्हस्की यांना हे यश पाहायला मिळाले नाही. पण त्यांनी विचार लिहून ठेवला आणि एका वाचकाने तो लक्षात ठेवला, म्हणून तो टिकला.