तळे खोदणारा सिद्धराम

सिद्धेश्वराच्या देवळाभोवतीचे तळे सोलापूरकराच्या इतके अंगवळणी पडले आहे, की ते कुणीतरी खोदले असेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही. ज्याने खोदले तो सिद्धराम बाराव्या शतकातला. गावाचे नाव तेव्हा सोन्नलगी. आई सुग्गलादेवी, वडील मुद्दगौडा.

कथा अशी, की गुरे राखणाऱ्या या अबोल पोराकडे रानात एक जंगम आला. त्याने हुरडा मागितला; पोराने दिला. मग दहीभात मागितला. पोर घरी धावले, परत येते तो जंगम नाही. त्याला शोधत ते थेट श्रीशैलाला गेले आणि मल्लिकार्जुनाचे दर्शन घेऊन परतले. दर्शन घडलेली माणसे बहुधा गुहेत जाऊन बसतात. याने अडुसष्ट लिंगे स्थापिली आणि अवर्षणाच्या मुलखात तळे खोदायला घेतले. बँकेत असताना विहिरींच्या कर्जाचे अर्ज माझ्याकडे येत. खडक लागला की खर्चाचा अंदाज कसा कोलमडतो, ते मी पाहिले आहे. सिद्धरामाकडे तर ना सुरुंग, ना पंप. कुदळी, पाट्या आणि माणसांच्या पाठी.

काम चालू असतानाच अल्लमप्रभू आला. परंपरा सांगते, की त्याने मजुरांदेखत सिद्धरामाला वड्डर म्हणून हिणवले. मजुरांनी दगड उचलले. तळी खोदून पुण्य साठवणारा आपला मीपणही साठवतो, असे अल्लमाचे म्हणणे. सिद्धरामाला ते पटले. तो कल्याणला गेला, बसवण्णांच्या मेळ्यात मिसळला, चन्नबसवण्णाकडून त्याने दीक्षा घेतली. कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या मुद्रेने त्याने कन्नडमध्ये वचने रचली. समाधी मात्र सोलापुरातच, त्या तळ्यात.

अल्लम मोठा खराच. पण दगड उचलणाऱ्यांची बाजू मला आजही सोडवत नाही. माती उपसणाऱ्याचे नाव ही शिवी का व्हावी?

पुढे शहर वाढले, तळे अपुरे पडले. 1871 साली आदिला नदीच्या खोऱ्यात एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा, तलाव पुरा झाला. त्याचे पाणी शहराने प्यायले. नंतर भीमेवरचे उजनी आले. तरीही सोलापूरकराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळाची वाट पाहिली.

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते. सिद्धरामाशी लग्नाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्याच्या योगदंडाशी लागला, म्हणून संमती कट्ट्यावर नंदीध्वजांवर अक्षता पडतात. हजारो माणसे तळ्याकाठी दाटीवाटीने उभी असतात.