दुसरे सरफोजी भोसले

दुसरे सरफोजी राजे भोसले (२४ सप्टेंबर १७७७ – ७ मार्च १८३२) हे तंजावरच्या मराठी राजघराण्यातील राजे, ग्रंथसंग्राहक, नाटककार व संगीतरचनाकार होते. सरस्वती महाल ग्रंथालयामुळे त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. युरोपीय संगीताचा त्यांनी केलेला अभ्यास आणि दक्षिण भारतीय संगीतावर झालेला त्याचा परिणाम यांची माहिती मराठी वाचकांना त्या मानाने कमी आहे.

घराणे

तंजावरचे भोसले मूळचे वेरूळचे. सध्याच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील या गावची पाटीलकी बाबाजी भोसले यांच्याकडे होती. त्यांचे पुत्र मालोजी, मालोजींचे शहाजी आणि शहाजींचे धाकटे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी. छत्रपती शिवाजी महाराजांचे हे सावत्र बंधू. एकोजींनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर घेतले. वेरूळपासून दूर, तमिळ प्रदेशात या घराण्याने मराठी ही दरबारी भाषा म्हणून जपली. सरफोजींनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये आपल्या वंशाचा जो इतिहास कोरवून घेतला, तोही मराठीतच आहे.

दत्तकविधान व शिक्षण

सरफोजींचा जन्म भोसल्यांच्या एका शाखेत झाला. राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता, म्हणून त्यांनी १७८७ मध्ये सरफोजींना दत्तक घेतले व त्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. मुलाचा सांभाळ ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने करावा, अशी तुळजाजींची इच्छा होती. ती जबाबदारी एकट्याने घेण्यास श्वार्ट्झ तयार झाला नाही. पंडितांच्या मतावर विसंबून दत्तक अशास्त्रीय ठरवण्यात आले आणि तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग गादीवर आले. पुढची काही वर्षे सरफोजी वाड्यात जवळजवळ कोंडलेले होते व त्यांच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्झने मद्रास सरकारकडे दाद मागितल्यानंतर त्यांना मद्रासला हलवण्यात आले. तेथे श्वार्ट्झ व त्याचा सहकारी गेरिके यांच्या देखरेखीखाली त्यांनी इंग्रजीसह युरोपीय विद्यांचा अभ्यास केला.

या गुरुपरंपरेला संगीताच्या इतिहासात वेगळे महत्त्व आहे. श्वार्ट्झचे शिक्षण जर्मनीतील हाले येथे झाले. संगीतकार हँडेल याच गावात १६८५ मध्ये जन्मला. श्वार्ट्झ भारतात उतरला ते १७५० हे वर्ष योहान सेबास्टियन बाखच्या मृत्यूचे. सुमारे १६०० ते १७५० हा युरोपीय संगीतातील बरोक कालखंड मानतात. त्याच्या अखेरच्या टप्प्यातील जर्मन प्रार्थनागीते तरंगमबाडीच्या डॅनिश मिशनसोबत तमिळ किनाऱ्यावर आली होती आणि मिशनच्या शाळांत ती गायली जात. सरफोजींना युरोपची पहिली ओळख या वातावरणातल्या माणसांकडून झाली. ते स्वतः मात्र अखेरपर्यंत हिंदू परंपरेत राहिले.

नामधारी राज्य

दत्तकाचा प्रश्न नव्याने तपासला जाऊन निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला आणि २९ जून १७९८ रोजी ते गादीवर बसले. ज्या श्वार्ट्झने त्यांची बाजू लढवली, तो त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला होता. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. सरफोजींकडे किल्ला व त्याचा परिसर, दरसाल एक लाख पॅगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. सैन्य आणि महसूल हातचे गेलेल्या या राजाने आपला पैसा व वेळ ग्रंथ, औषधालय, शाळा, छापखाना, नाटक आणि संगीत यांत घातला.

संगीतकार्य

सरफोजींच्या दरबारात युरोपीय वाद्यांचा वाद्यवृंद होता. त्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपीतील छापील व हस्तलिखित संगीत जमवण्यात आले. त्याचे कागद आजही सरस्वती महालात आहेत. तोंडी परंपरेत वाढलेल्या वादकांना कागदावरून वाचून वाजवण्याची सवय लावणे हा साधा बदल नव्हता. दरबारातील वराहप्पय्या व्हायोलिन व पियानो वाजवीत.

बरोक काळात युरोपात रेकॉर्डर, म्हणजे अलगुजासारखी उभी धरून फुंकायची लाकडी बासरी, फार लोकप्रिय होती. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती मागे पडली आणि आडवी बासरी व क्लॅरिनेट पुढे आले. क्लॅरिनेट घडवण्याचे श्रेय न्यूरेंबर्गच्या योहान ख्रिस्तोफ डेनरला दिले जाते आणि तो रेकॉर्डर बनवणाराही नामांकित कारागीर होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात तमिळ प्रदेशात रेकॉर्डर नव्हे, तर क्लॅरिनेट रुजले. सदिर नृत्याच्या साथीत त्याने पुढे मुखवीणेची जागा घेतली. दरबाराशी संबंधित तंजावर चौकडीतील वडिवेलू याने व्हायोलिनवर कर्नाटक संगीत वाजवून नाव मिळवले. व्हायोलिन आज कर्नाटक मैफिलीत अपरिहार्य आहे. त्याचे श्रेय एकट्या तंजावरला देणे योग्य होणार नाही, कारण मुत्तुस्वामी दीक्षितरांचे बंधू बाळुस्वामी यांनीही ते आत्मसात केले होते.

सरफोजींच्या स्वतःच्या रचना मराठीत आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ या नृत्यनाट्यात कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, जगाचा भूगोल सांगते. हा विषय नाचातून मांडण्याची कल्पना त्या काळी धाडसाचीच म्हणावी लागेल. त्यांच्या ‘निरूपण’ नावाच्या रचनासंचांत एका कथासूत्रातील सर्व नृत्यप्रकार एकाच रागात व एकाच तालात बांधले आहेत. हे संच सरस्वती महालाने ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या नावाने प्रकाशित केले.

मृत्यू व नंतर

सरफोजींचे निधन ७ मार्च १८३२ रोजी झाले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये औरस पुत्र नसताना वारल्यावर कंपनीने तंजावर खालसा केले. दरबाराचा आश्रय संपल्याने कलावंतांना इतरत्र आश्रय शोधावा लागला. वडिवेलू त्यापूर्वीच त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ यांच्याकडे गेला होता. ग्रंथसंग्रह मात्र तंजावरातच राहिला आणि १९१८ मध्ये तो सार्वजनिक ग्रंथालय म्हणून खुला झाला. सरफोजींची इंग्रजी सही असलेले अनेक युरोपीय ग्रंथ त्यात आहेत.