सोलापूरच्या वालचंद यांचे ट्रक आणि चाक जाम न करणारा ब्रेक

सोलापूर : गाळप हंगामात उसाच्या फडातून निघालेल्या ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर चिखल रस्त्यावर येतो. पहाटेच्या दवाने तो ओला झाला की मागून येणारा भरलेला ट्रक थांबवणे कठीण होते. ट्रक देशातच तयार व्हावेत म्हणून सरकारशी झगडलेले उद्योगपती वालचंद हिराचंद याच शहरातले. जन्म २३ नोव्हेंबर १८८२.

घरची पेढी होती, पण वालचंद यांचे मन तिथे रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले. पुढे भोर घाटातले बोगदे, १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी.

मोटार कारखान्यासाठी मात्र त्यांना बरीच वाट पाहावी लागली. १९४० मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला. युद्धामुळे लष्कराला ट्रक हवेच होते, तरीही ब्रिटिश सरकारने पाठबळ दिले नाही. त्याच वर्षी म्हैसूर संस्थानाच्या साथीने बंगळुरूत त्यांचा विमान कारखाना उभा राहिला. तोच आजचा एचएएल. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. त्यात डॉज ट्रक होते.

त्या काळच्या ट्रकना साधे ड्रम ब्रेक. ओल्या रस्त्यावर जोरात दाबले की चाक जाम व्हायचे, पण ट्रक घसरत पुढेच जायचा. जाम झालेले चाक स्टीअरिंगचे ऐकत नाही. म्हणून ड्रायव्हर ब्रेक दाबत-सोडत गाडी आवरायचे.

गंमत म्हणजे यावरचा उपाय आधी विमानांना मिळाला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या डनलॉपने विमानाच्या चाकांसाठी मॅक्सारेट ही यंत्रणा आणली. विमान आणि ट्रक या दोन्ही कारखान्यांसाठी धडपडलेले वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी गेले. युरोपात ट्रकना इलेक्ट्रॉनिक एबीएस १९८१ मध्ये मिळाले. भारतात नव्या जड ट्रकना ते सरसकट सक्तीचे व्हायला २०१५ उजाडले.

एबीएस करते काय? चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो. चाक जाम होऊ लागले की त्या ब्रेकमधला हवेचा दाब क्षणभर सुटतो आणि पुन्हा भरतो, तेही एका सेकंदात अनेकदा. चाक फिरते राहिल्याने ट्रक वळवता येतो, ट्रेलर दुमडून केबिनवर येण्याचा धोका कमी होतो. थांबण्याचे अंतर दरवेळी घटतेच असे नाही. सैल खडीवर ते उलट वाढू शकते, आणि टायर गुळगुळीत झाले असतील तर एबीएसही फारसे काही करू शकत नाही.

एबीएसच्या ट्रकमध्ये आणीबाणीत ब्रेक दाबून धरायचा, पाय उचलायचा नाही. जुन्या गाडीवर शिकलेल्या ड्रायव्हरला हेच जड जाते. डॅशबोर्डवरचा एबीएसचा पिवळा दिवा चालताना पेटून राहिला, तर यंत्रणा बंद आहे असे समजून वेग कमी ठेवावा. पुढच्या उसाच्या ट्रॉलीला तर अनेकदा स्वतःचा ब्रेकही नसतो.