प्रकाशाचा दाब मोजणारे लेबेडेव्ह

उन्हात उभे राहिल्यास ऊब लागते. परंतु उन्हाचा धक्का कोणास जाणवत नाही. तरीही प्रकाश ज्या वस्तूवर पडतो तिला किंचित ढकलतो, असे मॅक्सवेल यांनी १८७३ साली गणिताने दाखविले होते. ते प्रयोगाने सिद्ध करणाऱ्या प्योत्र लेबेडेव्ह यांचे चरित्र आम्ही बालवाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म १८६६ साली मॉस्को येथे व्यापाऱ्याच्या घरी झाला. मुलाने व्यापार सांभाळावा ही वडिलांची इच्छा. मुलाचे चित्त मात्र पदार्थविज्ञानात रमले. स्ट्रासबुर्ग येथे १८९१ साली डॉक्टर ही पदवी संपादून ते मॉस्कोस परतले व तेथील विद्यापीठात शिकवू लागले.

काचेच्या निर्वात फुग्यात त्यांनी बारीक तंतूला पातळ चकत्या टांगल्या व त्यांवर तीव्र प्रकाश सोडला. पण फुग्यात उरलेली थोडीशी हवा तापून चकत्यांना ढकली आणि प्रकाशाचा खरा धक्का झाकून टाकी. म्हणून त्यांनी चकत्या अति पातळ केल्या, प्रकाश आळीपाळीने दोन्ही बाजूंनी पाडला व हवा अधिकाधिक काढली. १९०० साली पॅरिसच्या परिषदेत त्यांनी निष्कर्ष मांडला. तो मॅक्सवेल यांच्या गणिताशी जुळला.

१९११ साली सरकारने विद्यापीठाच्या कारभारात हात घालून तेथील प्रमुखांस अध्यापकपदावरून दूर केले. निषेधार्थ शंभराहून अधिक अध्यापकांनी राजीनामे दिले. त्यांत लेबेडेव्हही होते. त्यांची प्रयोगशाळा गेली. स्टॉकहोमहून आमंत्रण आले असताही शिष्यांना सोडून ते गेले नाहीत. एका तळघरात त्यांनी पुन्हा काम मांडले. परंतु हृदयविकाराने १९१२ च्या मार्च महिन्यात, वयाच्या ४६व्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

पुढे १९७१ साली अमेरिकेत आर्थर अॅश्किन यांनी लेसरच्या उभ्या किरणावर काचेची सूक्ष्म गोळी अधांतरी तोलून धरली. आज केसाच्या सहस्रांश जाडीचा कण निर्वात पेटीत एकवटलेल्या प्रकाशाने, अथवा विद्युतभार देऊन सतत पालटणाऱ्या विद्युतक्षेत्राने, कशासही न टेकता तरंगत ठेवतात. हवेचे धक्के टळल्यामुळे अत्यंत क्षीण बलही त्यावर मोजता येते. हवेशी लेबेडेव्ह यांनी मांडलेला झगडाच येथे पुढे चालला आहे.

विद्यार्थ्यांनो, ज्या प्रयोगशाळेत त्यांनी वर्षानुवर्षे धीर धरिला, ती न्यायासाठी सोडताना त्यांनी मागे पाहिले नाही. हे दोन्ही गुण एकाच मनुष्याच्या ठायी होते, हे आम्हांस विशेष वाटते.